रक्तातील ट्यूमर पेशींची तपासणी: स्तनाच्या कर्करोगात ती कधी उपयोगी, कधी निरुपयोगी

आपण कळवलेली माहिती थोडक्यात अशी. आपल्या आईंचे वय ५८ आहे. अडीच वर्षांपूर्वी नाशिकमध्येच त्यांच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतील दोन लसिकाग्रंथींमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या, त्यानंतर केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण झाले. गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारी) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली) असल्यामुळे त्या रोज लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी घेतात. त्यांना सध्या कोणताही त्रास नाही. मात्र एका ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सीए १५-३ या रक्तातील ट्यूमर मार्करचा आकडा ३८ आला, गेल्या वर्षी दुसऱ्या लॅबमध्ये तो २२ होता, आणि रक्तातील कॅन्सरच्या पेशी मोजणारी सीटीसी तपासणी तातडीने करून घ्यावी, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. ती करावी का, आणि निगेटिव्ह आली तर निश्चिंत व्हावे का, हे आपले दोन प्रश्न आहेत.

माझे उत्तर आधीच सांगतो. आजच्या स्थितीत ही तपासणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती निगेटिव्ह आली म्हणून आजार परतलेला नाही असे म्हणता येणार नाही, आणि पॉझिटिव्ह आली तरी आईंच्या उपचारात आज कोणताही बदल करण्याला आधार नाही. ज्या तपासणीच्या दोन्ही उत्तरांनंतर आपण तेच करणार आहोत, तिच्यातून रुग्णाच्या वाट्याला फक्त खर्च आणि काळजी येते. तरीही ही तपासणी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. वेगळ्या टप्प्यावरील रुग्णांमध्ये तिच्याकडून आणि तिच्या भावंड-तपासण्यांकडून खरोखर उपयोगाची माहिती मिळते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रक्तावरून कर्करोगाचा माग काढण्याच्या तीन वेगवेगळ्या तपासण्या आहेत आणि बोलताना त्यांची सर्रास गल्लत होते. पहिल्या प्रकारात गाठीच्या पेशींनी रक्तात सोडलेली प्रथिने, म्हणजेच ट्यूमर मार्कर, मोजतात. सीए १५-३, सीए २७.२९ आणि सीईए ही त्यांची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात गाठीपासून सुटून रक्तात फिरणाऱ्या अखंड पेशी शोधतात. यालाच सीटीसी म्हणतात. तिसऱ्या प्रकारात मरणाऱ्या ट्यूमर पेशींमधून प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, आलेले डीएनएचे तुकडे तपासतात. त्याला सीटीडीएनए म्हणतात, आणि ‘लिक्विड बायोप्सी’ हा शब्द हल्ली बहुधा याच तपासणीसाठी वापरला जातो. तिन्हींसाठी हाताच्या शिरेतूनच रक्त घेतात, पण त्या देत असलेली माहिती आणि त्या माहितीचे वजन अगदी वेगळे आहे.

आपल्या काळजीचे मूळ सीए १५-३ मध्ये आहे, म्हणून आधी त्याविषयी. हा एमयूसी-१ नावाच्या प्रथिनाचा अंश आहे. हे प्रथिन निरोगी ग्रंथींच्या पेशींवरही असते, त्यामुळे प्रत्येकाच्या रक्तात ते थोडेफार सापडतेच. बहुतेक लॅब २५ किंवा ३० युनिटच्या वर आकडा गेला की तो ठळक अक्षरात छापतात. यकृताचा जुना आजार, स्तनातील किंवा अंडाशयातील साधी गाठ, अशा अनेक कारणांनी तो वाढतो. आपल्याकडे लक्षात ठेवावे असे एक कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय. त्यात कर्करोग नसतानाही सीए १५-३ वाढल्याच्या नोंदी आहेत आणि बी-१२ ची इंजेक्शने दिल्यावर तो खाली आल्याच्याही आहेत. आई शुद्ध शाकाहारी असतील, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर आणखी महागड्या तपासणीकडे वळण्याआधी बी-१२ तपासणे शहाणपणाचे आहे. उलट दिशेची चूकही घडते: केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून अनेक जणी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतात, आणि ज्या यंत्रांच्या रसायनात बायोटिनचा वापर असतो त्या यंत्रांवर अशा प्रकारच्या मार्करचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. रक्त देण्यापूर्वी या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या हे लॅबला विचारून घ्यावे.

निफाडजवळच्या एका गावातून येणाऱ्या एका बाईंनी आपले सीए १५-३ चे आकडे नातवाच्या शाळेच्या वहीत तारखेनिशी उतरवून ठेवले होते आणि नातवाने त्यावरून आलेखही काढला होता. आलेख चढता होता आणि घरात सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. मूळ अहवाल मागवून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसले की पहिले आकडे एका लॅबचे, मधले दुसऱ्या लॅबचे आणि शेवटचे मुंबईला पाठवलेल्या नमुन्याचे होते. प्रत्येकाच्या तळाशी तपासणीची पद्धत वेगळी लिहिली होती आणि सामान्य मर्यादाही वेगळी होती. एकाच लॅबचे आकडे वेगळे काढल्यावर चढ उरलाच नाही. आपल्या २२ आणि ३८ या दोन आकड्यांबाबतही पहिला प्रश्न हाच आहे, कारण ते दोन लॅबचे आहेत आणि त्यांची वजाबाकी करून काहीही सिद्ध होत नाही.

यापेक्षाही मूलभूत मुद्दा असा की, उपचार पूर्ण झालेल्या आणि लक्षणे नसलेल्या स्त्रीमध्ये हे मार्कर नियमित तपासावेत, असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या एएससीओ या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. उलट तसे करू नये असे सांगतात. इटलीत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकीत बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. एका गटाला नेहमीची शारीरिक तपासणी आणि मॅमोग्राफी, तर दुसऱ्या गटाला त्याशिवाय ठरावीक काळाने छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन यांसारख्या तपासण्या दिल्या. जास्त तपासण्या झालेल्या स्त्रिया जास्त जगल्या नाहीत. दूर पसरलेला आजार लक्षणे येण्याच्या काही महिने आधी सापडला, तरी तेवढ्याने आयुष्य वाढते असे दिसले नाही, हे ऐकायला कठीण असले तरी त्यामागे पुरावा आहे. त्यानंतरच्या वर्षांत औषधे पुष्कळ सुधारली, म्हणून हा प्रश्न नव्याने तपासला जात आहे आणि तो तपासला जावाच. पण त्याचे उत्तर बदलले आहे असे आज म्हणता येत नाही.

आता पेशींकडे वळू. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील टॉमस ॲशवर्थ या डॉक्टरांनी कर्करोगाने मृत्यू झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. कल्पना इतकी जुनी असूनही तपासणी रुग्णांपर्यंत यायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली, कारण या पेशी अतिशय विरळ असतात. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी अब्जावधी आणि पांढऱ्या पेशी लाखो असतात. त्यात ट्यूमर पेशी एखादी सापडली तर सापडली. सेलसर्च या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००४ मध्ये परवानगी दिली. तिच्यात पेशी टिकवणारे द्रव्य असलेल्या खास नळीत रक्त घेतात आणि त्यातले साडेसात मिलिलिटर तपासतात. आवरण-पेशींच्या (ग्रंथी आणि अवयवांच्या अस्तरातील पेशींच्या, ज्यांपासून अशा गाठी बनतात) पृष्ठभागावर असणाऱ्या एपकॅम या प्रथिनाला चिकटणारे लोहकण मिसळून चुंबकाने त्या पेशी बाजूला ओढतात. मग त्यांना रंग देतात: केंद्रक दिसले पाहिजे, आतले सायटोकेरॅटिन हे प्रथिन दिसले पाहिजे, आणि पांढऱ्या पेशींची खूण असलेले सीडी-४५ दिसता कामा नये. या अटी पुऱ्या करणारी चित्रे यंत्र पडद्यावर मांडते आणि प्रशिक्षित माणूस एकेक चित्र पाहून ही पेशी धरायची की सोडायची हे ठरवतो. अहवालावर छापून येणाऱ्या ‘३’ किंवा ‘७’ या आकड्यामागे इतके टप्पे असतात.

या पद्धतीची एक मर्यादा तिच्या रचनेतच आहे. गाठीपासून सुटून प्रवासाला निघालेल्या काही पेशी आपले रूप बदलतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरील एपकॅम कमी होते. अशा पेशी चुंबकाला सापडतच नाहीत. वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या खुणा धरून पेशी पकडतात, म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी जुळत नाही. शिवाय या पेशी रक्तात फार काळ टिकत नाहीत. त्यांची संख्या निम्मी होण्याचा काळ एक ते अडीच तासांच्या आसपास मोजला गेला आहे. एका नळीत जे दिसते ते त्या घटकेपुरते असते.

तिचा उपयोग कुठे सिद्ध झाला? ज्यांचा आजार हाडे, यकृत, फुप्फुस अशा ठिकाणी आधीच पसरला आहे, अशा १७७ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार सुरू होण्यापूर्वी साडेसात मिलिलिटरमध्ये ५ किंवा अधिक पेशी असणाऱ्यांचा आजार सरासरी २.७ महिन्यांत वाढला, तर ५ पेक्षा कमी असणाऱ्यांचा ७ महिन्यांत. आकडा रोगाच्या वाटचालीचा अंदाज देतो, हे निर्विवाद ठरले. परंतु याच अभ्यासातली दुसरी बाजू आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: स्कॅनवर पसरलेला आजार स्पष्ट दिसत असतानाही जवळपास निम्म्या स्त्रियांचा आकडा ५ च्या खाली होता. मग ज्यांच्या शरीरात आजार असलाच तर कणभर असेल, त्यांच्यातील शून्य या आकड्यावर किती विसंबावे?

पुढचा प्रश्न साहजिक होता: अंदाज कळला, तर उपचार बदलून रुग्णाचे भले करता येईल का? अमेरिकेतील एस-०५०० ही चाचणी नेमकी यासाठी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. केमोच्या पहिल्या तीन आठवड्यांनंतरही ज्यांच्या पेशी ५ च्या वर राहिल्या अशा १२३ स्त्रियांपैकी काहींचे औषध लगेच बदलले, काहींचे तेच चालू ठेवले. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. सुरुवातीपासून आकडा कमी असलेल्या स्त्रिया सुमारे ३५ महिने, आकडा उतरलेल्या सुमारे २३ महिने आणि न उतरलेल्या सुमारे १३ महिने जगल्या. म्हणजे अंदाज खरा होता, पण औषध लवकर बदलल्याने तो खोटा पाडता आला नाही. मला या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो. भविष्य सांगणारी तपासणी आणि वाट दाखवणारी तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातींत त्या एकच असल्यासारख्या मांडल्या जातात.

फ्रान्समधील एसटीआयसी या चाचणीने थोडी आशादायक बाजू दाखवली. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि पसरलेला आजार असलेल्या स्त्रियांना आधी हार्मोनची गोळी द्यावी की केमो, हे सीटीसीच्या आकड्यावरून ठरवले तरी निकाल डॉक्टरांच्या नेहमीच्या निर्णयापेक्षा वाईट आले नाहीत. मात्र ही चाचणी आखली गेली तेव्हा पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब यांसारखी औषधे पहिल्या टप्प्यात सर्रास दिली जात नव्हती. आज ती दिली जातात, त्यामुळे तो निर्णयच पुष्कळसा बदलून गेला आहे.

आईंसारख्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर आजारमुक्त दिसणाऱ्या स्त्रियांमध्येही अभ्यास झाले आहेत. निदानानंतर सुमारे पाच वर्षांनी, आजाराची कोणतीही खूण नसताना तपासलेल्या ५४७ जणींपैकी २६ जणींच्या रक्तात ट्यूमर पेशी सापडल्या, आणि हार्मोन पॉझिटिव्ह आजार असलेल्या गटात अशा स्त्रियांमध्ये आजार परतण्याचे प्रमाण बरेच जास्त निघाले. शास्त्रीयदृष्ट्या ही मोलाची माहिती आहे. तरीही ज्यांच्या पेशी सापडल्या त्यांना वेगळे काही दिल्याने त्या वाचतील, हे सिद्ध झालेले नाही. कर्करोगाची स्टेज ठरवण्याच्या एजेसीसी पद्धतीतही, अन्य काही पुरावा नसताना रक्तात अशा पेशी दिसल्या तर वेगळी नोंद होते, पण रुग्णाची स्टेज चौथी होत नाही. कोणी केवळ अशा अहवालावरून ‘आजार पसरला’ असे म्हणाले तर ते चूक आहे.

सीटीडीएनएची गोष्ट मात्र पुढे गेली आहे, आणि आईंना त्याची गरज पडू नये ही सदिच्छा बाळगून मी ती सांगतो. लेट्रोझोलसारखी औषधे दीर्घकाळ घेत असताना पसरलेला आजार पुन्हा वाढू लागतो, तेव्हा अनेकदा ट्यूमरच्या ईएसआर-१ या जनुकात बदल झालेला असतो. तो मूळ गाठीत क्वचितच असतो, उपचारांच्या दबावाखाली निर्माण होतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी जपून ठेवलेल्या गाठीच्या जुन्या तुकड्यावर (ब्लॉकवर) शोधून उपयोग नसतो. रक्तातच शोधावा लागतो. तो सापडला तर इलासेस्ट्रंट या गोळीचा पर्याय असतो, जिला एफडीएने जानेवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. पीआयके-३-सीए या जनुकातील बदलही असाच औषधाची निवड ठरवतो. तो रक्तात सापडला नाही तर मात्र गाठीच्या तुकड्यावर खात्री करावी लागते, कारण रक्तात डीएनए पुरेसा नसणे हेही निगेटिव्ह येण्याचे कारण असू शकते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सेरेना-६ चाचणीत स्कॅनवर वाढ दिसण्याआधीच ईएसआर-१ मधील बदल रक्तात पकडून गोळी बदलली, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा काळ सुमारे ९ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य वाढते का, हे त्यावेळी सांगता येत नव्हते. पण हे सगळे पसरलेल्या आजाराविषयी आहे, आणि इथे प्रत्येक अहवालानंतर कोणते औषध द्यायचे हे माहीत आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याचे एक कारण असे की रक्तातील ट्यूमर पेशींवर काम करणारी दातार कॅन्सर जेनेटिक्स ही कंपनी इथलीच आहे. स्तनाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठीच्या तिच्या रक्ततपासणीला एफडीएने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ हा दर्जा दिला. आपल्या शहरातून असे संशोधन होते याचा मला आनंद आहे. या दर्जाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा: त्यामुळे पुढील मूल्यमापनात एफडीएचे अधिक मार्गदर्शन आणि प्राधान्य मिळते, वापराची मान्यता ही त्यानंतरची, वेगळी पायरी आहे. शिवाय निरोगी स्त्रियांमध्ये लवकर निदान करणे आणि उपचार झालेल्या स्त्रीमध्ये आजार परतला का हे पाहणे, ही दोन वेगळी कामे आहेत. एकासाठी घडवलेली तपासणी दुसऱ्यासाठी वापरता येत नाही.

लवकर निदानाबद्दल एक हिशेब सांगतो, कारण महिला दिनाच्या शिबिरांत आपल्या घरातल्या इतर स्त्रियांनाही अशी तपासणी सुचवली जाईल. समजा, एखादी तपासणी शंभरातल्या ९० कर्करुग्णांना ओळखते आणि शंभरातल्या ९५ निरोगी स्त्रियांना बरोबर निगेटिव्ह सांगते. अशी चांगली तपासणी दहा हजार स्त्रियांवर केली आणि त्यांच्यात दहा जणींना न कळलेला कर्करोग असेल, तर ती नऊ जणींना शोधेल आणि सुमारे पाचशे निरोगी जणींना पॉझिटिव्ह सांगेल. या पाचशे जणींची मॅमोग्राफी, सोनोग्राफी, प्रसंगी बायोप्सी कोण आणि कुठे करणार, याची सोय नसताना शिबिर भरवणे मला मान्य नाही. याउलट मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी वस्त्यांमधील स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. हाताने केलेल्या या साध्या तपासणीमागे मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे. रक्ताच्या तपासणीमागे तसा पुरावा येईल तेव्हा मी ती आनंदाने सुचवीन.

आता आईंचे काय करायचे ते सांगतो. लेट्रोझोल एकही दिवस चुकवू देऊ नका. परतण्याचा धोका कमी करणारी सिद्ध झालेली गोष्ट त्यांच्या हातात तीच आहे, आणि अशा आकड्यांच्या धास्तीने ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून ती स्वतःहून बंद करणाऱ्या रुग्णांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. येत्या आठवड्यात त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना भेटा. ते शस्त्रक्रियेची जागा, दुसरा स्तन, दोन्ही काखा, मानेच्या खालचा भाग आणि पोट तपासतील. एकाच जागी टिकून राहिलेले आणि रात्री वाढणारे हाडाचे दुखणे, न हटणारा खोकला, धाप, कारण नसताना वजन उतरणे, कावीळ, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काही असेल तर ते त्यांना नेमके सांगा. तसे असल्यास त्या लक्षणानुसार स्कॅन करावा लागेल आणि त्यासाठी मार्करच्या आकड्याची वाट पाहायची नसते. स्कॅनमध्ये काही संशयास्पद दिसलेच तर शक्य असेल तिथे त्या जागेची बायोप्सी करून रिसेप्टर पुन्हा तपासून घ्यावेत, कारण ते मूळ गाठीपेक्षा बदललेले असू शकतात.

यातले काहीच नसेल, तर हिमोग्लोबिन, यकृताच्या तपासण्या आणि बी-१२ करून घ्या. आकडा छापून आलाच आहे, त्यामुळे तो दुर्लक्षित करा असे मी म्हणणार नाही. चार ते सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने एकदा पुन्हा पाहा आणि तो स्पष्टपणे चढत असेल तर पुढचे डॉक्टर ठरवतील. स्थिर असेल किंवा उतरला असेल तर हा मार्कर पुन्हा मागवू नका, आणि पुढच्या वर्षी पॅकेज घेताना त्यातून ट्यूमर मार्कर वगळायला सांगा. उजव्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी व्हायला हवी. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तज्ज्ञांची भेट ठेवा. लेट्रोझोलने हाडे ठिसूळ होतात, म्हणून गेल्या दोन वर्षांत हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली नसेल तर सीटीसीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी ती करून घ्या, आणि भेटीला जाताना शस्त्रक्रियेचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल व दोन्ही लॅबचे मूळ अहवाल सोबत न्या.